बालमन, मृत्यू आणि मोठ्यांची भाषा : जेम्स एजी यांच्या ‘अ डेथ इन द फॅमिली’ या कादंबरीच्या निमित्ताने

आई किंवा वडिलांचा मृत्यू हा साहित्यात वारंवार येणारा विषय आहे. तथापि, तो मृत्यू पाच-सहा वर्षांच्या मुलाला कसा कळतो, या प्रश्नाकडे साहित्याने तुलनेने कमी लक्ष दिले आहे. पोरके मूल कथा-कादंबऱ्यांतून पुष्कळ भेटते. परंतु बहुतेक वेळा ते मोठ्यांच्या करुणेला वाट करून देण्यासाठी उभे केलेले असते. ते रडते, त्याला पाहून इतर रडतात आणि प्रसंग संपतो. मुलाच्या मनात प्रत्यक्ष काय चालले आहे, त्याने ‘मेले’ या शब्दाचा अर्थ काय लावला आहे, याची चौकशी लेखक सहसा करीत नाही. ही चौकशी विलक्षण चिकाटीने करणारी कलाकृती म्हणून अमेरिकन लेखक जेम्स एजी यांच्या ‘अ डेथ इन द फॅमिली’ या कादंबरीचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एजी यांचा जन्म १९०९ मध्ये टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे झाला. १८ मे १९१६ रोजी त्यांच्या वडिलांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा एजी सहा वर्षांचे होते. या घटनेवरची कादंबरी ते अनेक वर्षे लिहीत राहिले आणि ती अपुरीच ठेवून १६ मे १९५५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. संपादित स्वरूपात ती १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली व १९५८ चे पुलित्झर पारितोषिक तिला मरणोत्तर मिळाले. २००७ मध्ये मायकेल लोफारो यांनी हस्तलिखितांच्या आधारे तिची वेगळी, पुनर्रचित आवृत्ती सिद्ध केली. कोणती आवृत्ती लेखकाला अभिप्रेत होती, हा पाठचिकित्सेचा वाद येथे बाजूला ठेवता येईल. कारण रुफस आणि कॅथरिन या दोन मुलांचे चित्रण हा कादंबरीचा गाभा आहे. येथे पहिल्या प्रकाशित आवृत्तीची मांडणी आधाराला घेतली आहे.

कथानक थोडक्यात असे : जे फॉलेट हा गृहस्थ वडिलांच्या आजारपणाचा निरोप आल्यामुळे रात्रीच मोटारीने गावी जातो. परतताना मोटारीच्या सुकाणूच्या जोडातील एक लहानशी पिन निसटते, मोटार रस्ता सोडते आणि हनुवटीवर बसलेल्या एका आघाताने त्याचा जागीच मृत्यू होतो. शरीरावर त्या लहानशा खुणेखेरीज फारसे काही दिसत नाही. ही वार्ता घरी येते तेव्हा मुले झोपलेली असतात. कादंबरीचा संपूर्ण मधला भाग त्या रात्री जागणाऱ्या मोठ्या माणसांचा आहे : पत्नी मेरी, तिची आत्या हॅना, भाऊ अँड्र्यू, आईवडील. मुले जागी होतात ती तिसऱ्या भागात. म्हणजे वाचकाला जे रात्रभर ठाऊक आहे, ते मुलांना सकाळी सांगितले जाणार आहे. रुफस आदल्या दिवशी घेतलेली नवी टोपी घालून वडिलांना दाखवायला धावतो, तेव्हा वाचकाला होणारा त्रास या रचनेतून निर्माण झालेला आहे. त्यासाठी लेखकाला एकही भावविवश वाक्य लिहावे लागलेले नाही.

लहान मुले शोक करू शकतात काय, हा प्रश्न मानसशास्त्रात दीर्घकाळ वादाचा होता. मारिया नागी यांनी बुडापेस्ट येथील तीन ते दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून १९४८ मध्ये मांडले की, पाच वर्षांखालील मुलाला मृत्यू म्हणजे दूर जाणे किंवा झोपणे वाटते; पाच ते नऊ या वयात तो एखाद्या व्यक्तीसारखा भासतो; तो अटळ आणि अंतिम असल्याची जाणीव त्यानंतर येते. मार्था वोल्फेन्स्टाइन यांनी १९६६ मध्ये तर पौगंडावस्थेपूर्वी खरा शोक संभवतच नाही, अशी भूमिका घेतली. जॉन बोल्बी यांनी १९८० मध्ये ‘लॉस’ या ग्रंथात याला उत्तर दिले. त्यांच्या मते, मृत्यूपूर्वी आईवडिलांशी बऱ्यापैकी सुरक्षित नाते असेल, काय घडले ते मुलाला लवकर व खरे सांगितले गेले, त्याला प्रश्न विचारू दिले, कुटुंबाच्या शोकविधींत सामील करून घेतले आणि विश्वासाचे माणूस जवळ राहिले, तर लहान मूलही मोठ्यांसारखाच शोक करू शकते. या वादाने प्रश्नाची जागाच बदलली. मुलाची कुवत किती, यापेक्षा मुलाला मिळालेली भाषा आणि सोबत कोणती, हे महत्त्वाचे ठरले. एजी यांनी हीच गोष्ट बोल्बींच्या आधी दोन दशकांहून अधिक काळ कथारूपात पाहिली होती. अर्थात, कादंबरी म्हणजे रुग्णालयातील नोंदवही नव्हे. तिची तपासणी सिद्धांताला पुरावा म्हणून करणे हा तिच्यावर अन्यायच होईल.

त्या सकाळी मुलांना दोन भाषांत सांगितले जाते. मेरी ही श्रद्धाळू स्त्री आहे. ती सांगते ते देव, स्वर्ग आणि झोप यांच्या परिभाषेत. तिचे प्रेम खरे आहे आणि तिचे शब्द तिला स्वतःलाही हवे आहेत. परंतु मुलांच्या दृष्टीने तिच्या प्रत्येक शब्दाला आधीचा एखादा अर्थ चिकटलेला आहे. कुत्र्यांनी मारलेले ससे त्यांना आठवतात. आणि देवाने कुत्र्यांना आत का येऊ दिले, हा प्रश्न त्यांच्या लेखी अजून सुटलेला नाही. हॅना आत्या मात्र घटना सांगते : पिन, आघात, मेंदूला बसलेला धक्का. मग रुफस अत्यंत तर्कशुद्ध निष्कर्ष काढतो की, झोपवले ते त्या आघाताने, देवाने नव्हे. हे वाक्य धार्मिक वाचकाला बोचेल आणि बुद्धिवादी वाचकाला सुखावेल. पण एजी यांचा रोख या दोहोंकडे नाही. सहा वर्षांचे मूल दोन मोठ्यांच्या बोलण्यातली विसंगती अचूक पकडते, आणि ती पकडल्यावर त्याच्या हाती काहीच उरत नाही. टीकाकारांचे लक्ष या कादंबरीतील श्रद्धा-अश्रद्धेच्या संघर्षाकडे सहज वेधले जाते. तो संघर्ष आहेच. मात्र तो मोठ्यांचा आहे. मुलांच्या वाट्याला त्याचे फक्त तुकडे येतात, आणि कादंबरीचे खरे नाट्य त्या तुकड्यांत आहे.

मराठी वाचकाला येथे आपल्या भाषेकडे वळून पाहावेसे वाटेल. ‘वारले’, ‘निवर्तले’, ‘देवाज्ञा झाली’, ‘कैलासवासी झाले’ असे पुष्कळ पर्याय मराठीत आहेत. पण घरात सर्वाधिक वापरले जाते ते साधे ‘गेले’. बाबा कचेरीत गेले, बाबा गावाला गेले, बाबा गेले. तिन्ही वाक्यांत क्रियापद एकच. चार वर्षांच्या मुलाने तिसरे वाक्य ऐकून ‘परत कधी येणार?’ असे विचारले, तर ते अजाणपणाचे लक्षण मानून मोठी माणसे डोळ्यांना पदर लावतात. वास्तविक तो प्रश्न भाषेच्या नियमाला धरून आहे. जी मर्यादा मुलाच्या वयाची म्हणून सांगितली जाते, तिच्यातील काही भाग तरी मोठ्यांनी वापरलेल्या शब्दाचा असतो. ‘देवाघरी गेले’ हा पर्याय तर अधिकच अडचणीचा, कारण त्यात घर आहे. ज्या घरी माणूस जातो तेथून तो येतो, आणि तेथे आपल्यालाही जाता येते, एवढे मुलाला पक्के ठाऊक असते.

कादंबरीतील सर्वांत धीट प्रसंग मात्र घराबाहेरचा आहे. वडील गेल्याच्या सकाळी रुफस रस्त्यावर जातो आणि शाळेकडे निघालेल्या मोठ्या मुलांना आपले वडील मेल्याचे सांगतो. सांगताना त्याच्या स्वरात शोक नाही, मोठेपणा आहे. एरवी ही मुले त्याची टर उडवीत असतात. आज त्याच्याजवळ त्यांच्यापैकी कोणाकडेही नसलेली गोष्ट आहे. पिन, आघात ही हॅनाने दिलेली माहिती तो जाणत्याच्या थाटात सांगतो. मुले आधी विश्वास ठेवत नाहीत, मग ऐकतात, मग त्यांच्यातला एकजण घरी ऐकलेले बोलून टाकतो की, तो माणूस प्यायलेला असणार. हा प्रसंग वाचताना संकोच वाटतो. बापाच्या मरणाचे भांडवल करणारा मुलगा कोणत्या लेखकाने दाखवला असता? पोरक्या मुलाला निष्पाप ठेवण्याचा मोह साहित्याला फार जुना आहे. एजी तो मोह टाळतात, आणि म्हणूनच त्यांचा रुफस खरा ठरतो. मूल शोक सलगपणे करीत नाही. ते त्यात शिरते, बाहेर पडते, खेळते, भांडते, पुन्हा शिरते. त्याचे हसणे पाहून ‘त्याला काही कळलेच नाही’ असे जे म्हटले जाते, ते बहुधा पाहणाऱ्याच्या घाईचे फळ असते. रुफसची बढाई ही त्याला त्या क्षणी उपलब्ध असलेली एकमेव हाताळणी आहे. जे आत मावत नाही ते तो बाहेर नेऊन, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर त्याचा परिणाम पाहून, त्याचे वजन जोखतो.

वजन कळते ते घरी आल्यावर. रस्त्यावरच्या बढाईची लाज मनात घेऊन तो बैठकीच्या खोलीत वडिलांच्या खुर्चीपाशी येतो. तिला नाक लावून हुंगतो. तंबाखूचा, केसांचा वास शोधतो. रक्षापात्राला बोट लावून ती राख जिभेवर घेतो. येथे संवाद नाही, अश्रू नाहीत, स्पष्टीकरण नाही. सकाळपासून त्याला दिलेल्या सर्व शब्दांना जे साधले नाही, ते एका बोटभर राखेने साधते. हा संपूर्ण कादंबरीतील सर्वोत्तम परिच्छेद होय, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी १९९६ मध्ये संपादित केलेल्या ‘कंटिन्यूइंग बाँड्स’ या ग्रंथाने, मृत व्यक्तीशी नाते तोडणे म्हणजेच शोकाची पूर्तता, या फ्रॉइडकालीन समजुतीला आव्हान दिले. नाते टिकते, त्याचे रूप बदलते, आणि मुलांच्या बाबतीत त्याला बहुधा एखाद्या वस्तूचा आधार लागतो. परेश मोकाशी यांच्या ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) या चित्रपटातील वडिलांनी तयार केलेली सायकल हे याचे आपल्याकडील ठळक उदाहरण. पंढरपुरातील ज्ञानेश ती विकली जाऊ नये म्हणून कार्तिकीच्या गर्दीत दुकान मांडतो. चित्रपटात वडिलांविषयी फारसा विलाप नाही. सगळा विलाप सायकलीत आहे. फरक एवढाच की, सायकल वाचवता येते. राख वाचवण्याजोगी नसते, आणि रुफस ती वाचवायचा प्रयत्नही करीत नाही.

कॅथरिनविषयी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे, कारण रुफसच्या तेजात ती झाकोळते. ती त्याच्याहून लहान. तिच्यासाठी ‘अपघात’ हा शब्दच नवा आहे; तो ती वेडावाकडा उच्चारते आणि भाऊ तिला दुरुस्त करतो. रुफसला माहिती कळते, पण तिचा अर्थ लागत नाही. कॅथरिनला माहितीही नीट कळत नाही, परंतु घरातल्या माणसांचे स्वर, बंद दारे आणि आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही ही वस्तुस्थिती तिला पूर्ण कळते. नागींच्या टप्प्यांनुसार ती ‘मृत्यू न समजण्याच्या’ वयात आहे. एजी दाखवतात की न समजणे आणि न सोसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फादर जॅक्सन हा धर्मोपदेशक घरी येतो, मुलांना टक लावून पाहिल्याबद्दल दटावतो आणि आईला घेऊन खोलीत जातो. दाराबाहेर उभी राहून दोघे आतले आवाज ऐकतात. त्या क्षणी त्यांनी वडील तर गमावले आहेतच, आईही दाराआड आहे. बोल्बींच्या अटींपैकी शेवटची, विश्वासाचे माणूस जवळ असण्याची अट, येथे मोडते. मात्र हॅनाचे माप लेखकाने पुरेपूर दिले आहे. स्वतः श्रद्धाळू असूनही मुलांपुढे ती प्रवचन करीत नाही. त्यांनी विचारले तेवढेच आणि खरे सांगते.

मुलांना वडिलांचे कलेवर दाखवले जाते. रुफस हात, हनुवटीवरची खूण, चेहऱ्यातील अलिप्तपणा असे एकेक न्याहाळतो. पण दफनाला त्यांना नेले जात नाही. एक परिचित गृहस्थ त्यांना दुरून अंत्ययात्रा दाखवतो. ही अर्धीमुर्धी सामीलकी मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. आपल्याकडेही लहानग्यांना शेजारी पाठवून देण्याची रीत आहे. आणि त्याच वेळी सात-आठ वर्षांचा मुलगा असेल तर मडके त्याच्याच खांद्यावर येते, अग्नी त्याच्याच हातून दिला जातो. एका मुलाला काहीच दिसू नये आणि दुसऱ्याने सर्व करावे, पण समजावून कोणालाच सांगू नये, अशी ही विचित्र वाटणी. दहाव्याला पिंडाभोवती जमलेले लोक कावळ्याकडे का पाहत आहेत, हे मुलाला कोणी सांगितले तर तो विधी त्याच्यापुरता अर्थपूर्ण होऊ शकतो; न सांगितल्यास उरते ते फक्त मोठ्यांचे ताटकळणे.

२०२०-२१ च्या कोविड काळात तर पाहण्याची ही संधीही गेली. रुग्णालयात दाखल झालेली आई किंवा वडील घरी परतले नाहीत, कलेवरही अनेकदा घरी आले नाही. मुलांसाठी ‘गेले’ या शब्दाचा शब्दशः अर्थ तेवढा उरला. शासनाने या मुलांची दखल घेतली. दोन्ही पालक गमावलेल्या बालकांच्या नावे पाच लाख रुपयांची ठेव ठेवण्याचा निर्णय महाराष्ट्राने जून २०२१ मध्ये घेतला. केंद्राची ‘पीएम केअर्स फॉर चिल्ड्रन’ ही योजनाही त्याच सुमारास, मे २०२१ अखेरीस, जाहीर झाली. हे आवश्यकच होते. परंतु त्या काळात चार ते आठ वर्षांची असलेली मुले आज शाळेच्या वरच्या वर्गांत आहेत, आणि त्यांच्याशी त्या मृत्यूविषयी कोण, कोणत्या शब्दांत बोलले, याची नोंद करणारा रकाना कोणत्याही अर्जात नव्हता. अध्यापक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात बालविकासाचे टप्पे शिकवले जातात. वर्गातल्या एखाद्या मुलाची आई वारली तर दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याच्याशी काय बोलावे, हे त्या टप्प्यांतून निघत नाही. हॅनाच्या भाषेतून कदाचित निघेल.

मराठीत एजी यांच्या जवळ जाणारा लेखक शोधायचा तर प्रकाश नारायण संत यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. त्यांचे वडील ना. मा. संत १९४६ मध्ये वारले, तेव्हा ते नऊ वर्षांच्या आसपास होते. आई इंदिरा संत यांच्या कवितेत त्या मृत्यूची छाया किती दूरवर पसरली, हे मराठी समीक्षेने पुष्कळ तपासले. मुलाच्या वाट्याचा शोक वाचकांपुढे यायला मात्र अर्धशतक लागले. लंपनच्या कथा ‘वनवास’पासून (१९९४) सुरू होतात आणि वडिलांचा मृत्यू येतो तो चौथ्या, अखेरच्या ‘झुंबर’मध्ये. २००३ मध्ये लेखकाचे निधन झाले. बालपणीचा मृत्यू आयुष्याच्या शेवटापर्यंत लेखणीत वागवण्याचे हे साम्य लक्षणीय आहे. तथापि, भेदही तितकाच महत्त्वाचा आहे. लंपन आधीपासूनच आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो आहे. त्यामुळे त्याचे वडील मृत्यूपूर्वीही बरेचसे आठवणीत आणि वाट पाहण्यातच वस्तीला असतात. विरहाचा सराव त्याला जणू पहिल्या कथेपासून आहे. रुफसला असा सराव नाही. आदल्याच रात्री तो वडिलांबरोबर चॅप्लिनचा चित्रपट पाहून, वाटेत एका खडकावर त्यांच्याशेजारी काही न बोलता बसून घरी आलेला असतो. दुसरे असे की, संत लंपनला स्वतःची भाषा देतात. त्याचे ते ‘मॅड’, त्याच्या त्या हजारोंच्या अचाट संख्या यांच्या आडोशाने तो जगाला तोंड देतो. एजी रुफसला असा आडोसा देत नाहीत. रुफसपाशी आहेत ते मोठ्यांकडून उसने घेतलेले शब्द, आणि एजींच्या निवेदनाची काव्यात्म, काहीशी जड भाषा अनेकदा मुलाच्या वरून बोलते. या बाबतीत संतांची निवड अधिक कठीण आणि अधिक यशस्वी आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

एजींचा शेवट मात्र कोणत्याही तुलनेत उणा ठरत नाही. दफनानंतर अँड्र्यूमामा रुफसला फिरायला नेतो. शवपेटी खाली उतरवताना तिच्यावर एक फुलपाखरू येऊन बसले होते, हे तो त्याला सांगतो. सांगताना त्याचा आवाज बदललेला असतो; एरवी देवधर्म न मानणारा हा माणूस त्या दृश्याने हललेला आहे. रुफसला ते चित्र आवडते. आपल्याला ते विश्वासाने सांगितले गेले, याचा त्याला अभिमान वाटतो. पण लगेच अँड्र्यूचा संताप उफाळतो : बाप्तिस्मा न झालेल्या माणसासाठी संपूर्ण अंत्यविधी करायला फादर जॅक्सनने नकार दिला होता. त्या संतापात धर्मोपदेशक येतो, प्रार्थना येते, आणि रुफसला वाटते की आई आणि हॅनाआत्याही येतात. ज्यांच्यावर मामा प्रेम करतो त्यांचाच तो द्वेष करतो, हे कसे? फुलपाखरावर विश्वास ठेवणारा माणूस देवावर का रागावतो? मुलाला विचारायचे असते. तो मामाच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि विचारत नाही. घरापर्यंतची वाट दोघेही मुकाट चालतात.